वाढलेल्या काचा

हिंगोली
रविवार, दुपार

प्रिय माहेनूर,

रोज मोबाइलवर बोलणाऱ्या दोन बायांपैकी एकीने दुसरीला पोस्टाने पत्र पाठवावं, असे हे दिवस नाहीत. सासरी पाकीट पाहून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. पण फोनवर मी काही अवघड सांगायला लागले की आवाजावरून तुला ते कळतं आणि तू मलाच सावरायला धावतेस. मागच्या दोन्ही वेळी तेच झालं. "ताई, जेवलात का? गोळी घेतली का?" यातच बोलणं संपलं आणि सांगायचं ते राहून गेलं. म्हणून आज रविवार पाहून वर्गाची खोली उघडली, तुझ्या नेहमीच्या खिडकीजवळच्या बाकावर बसले आणि लिहायला घेतलं. पंखा आहे, वीज नाही. वहीच्या कागदाला हाताचा घाम लागतो आहे, तेवढं सांभाळून वाच.

परवा तुझ्या अम्मी येऊन गेल्या. ईदच्या वेळी मी आले नाही म्हणून शीरखुर्म्याचा डबा राहिला होता, त्याऐवजी आता शेवया घेऊन आल्या. बसल्या, घाम पुसला आणि नेहमीप्रमाणे माझ्यावर घसरल्या. "ताई, पोरीला आमी इंजिनेर केलं आन् तुमी तिला चुना मळायला बसवलं. निकाहात मेंदीवाली म्हनली, हे हात नव्या नवरीचे हाईत का गवंड्याचे?" मी हसले. त्याही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पर शाळंचं ठरलं की माहेनूर हितंच राहती म्हनती. जावई बी राजी हाय. कवा ठरतंय हो?" मी म्हटलं, ठरेल लवकर. डबा रिकामा करून द्यायला मी आत गेले आणि तो दोनदा घासला. रात्री डायरीत लिहिलं, 'फातिमाबींना अर्धवट उत्तर दिलं.'

तुझं आणि मुबश्शीरचं काय ठरलंय ते मला पाठ आहे. पिंपळसोंडच्या शाळेच्या दुरुस्तीला मंजुरी आली तर तू वर्षभर इकडे राहणार आणि तो सुट्टीला येत जाणार. नाही आली तर पुण्यात फ्लॅट बांधणाऱ्या त्या कंपनीत मे महिन्यात रुजू व्हायचं आणि दगड-चुन्याचा नाद सोडायचा. मंजुरी अडली आहे ती तुझ्या अहवालाखालच्या माझ्या सहीपाशी. सही कामाच्या गडबडीत राहिली, असं मी तुला दोनदा सांगितलं. ते खरं नव्हतं. गडबड कसली? सध्या इथे कामच नाही. अहवाल टेबलावर आहे, पेन त्याच्यावर आहे आणि मी दोन्हीकडे पाहत बसते.

थकले आहे ग. वयाने म्हणावं तर पंचेचाळीस काही थकण्याचं वय नाही. पण जुन्या वास्तूंच्या जतनाचा हा अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा वाटलं होतं, दर वर्षी चार माणसं जरी तयार झाली तरी या जिल्ह्यातल्या बारवा, कमानी, गढ्यांच्या भिंती यांच्याकडे बघणारं कुणीतरी असेल. माणसं आली, नाही असं नाही. खात्याचा हुकूम निघाला म्हणून आलेले अभियंते आले, प्रमाणपत्र लागतं म्हणून आलेले वास्तुविशारद आले. तुझ्या तुकडीतले नरसिंगराव आठवतात? निवृत्तीला आलेले, दुपारच्या तासाला हमखास डुलकी घेणारे. चुना महिनाभर भिजत का ठेवायचा हे मी जीव तोडून सांगत होते, तर डोळे न उघडता म्हणाले, "म्याडम, तुमी लई चांगलं शिकवून ऱ्हायल्या, पर आमच्या दरपत्रकात चुन्याची लाइनच न्हाई. बिल कशाचं काढू, विड्याच्या पानाचं?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ते सगळे आपापल्या जागी परत गेले आणि सिमेंटच ओतू लागले. त्यांना दोष देण्याइतकी मी आता तरुण नाही. तू एकटी राहिलीस. इथेच, याच कामात. मागच्या वर्षी मी कुणाला तरी म्हणाले होते, माझा अभ्यासक्रम म्हणजे माहेनूर. तेव्हा ते कौतुकाने म्हटलं होतं. आता ते वाक्य आठवलं की तुझ्या अंगावर केवढं ओझं टाकलं होतं असं वाटतं.

त्या शाळेसाठी तू काय काय ऐकून घेतलंस ते मी पाहिलंय. तुझ्या त्या पहिल्या ग्रामसभेत सरपंच रामकिशन बोट नाचवत म्हणाले होते, "ताई, तुमच्या चुन्यापायी लेकरं कवर देवळाच्या मंडपात बसवायची? आमाला स्लॅब पायजे, स्लॅब! निजाम गेला, त्याची साळा काहून ठिवायची?" आणि तू उभी राहून म्हणालीस, "काका, निजाम गेला, पर तुमी याच साळंत शिकले की न्हाई?" सभेत हशा पिकला. "शिकलो कुठं, तिसरीतून पळालो," असं रामकिशनच म्हणाले आणि खाली बसले. त्या दिवशी तू त्यांच्याकडून मुदत मिळवलीस. भिंत हलते की स्थिर आहे ते पावसाळा, हिवाळा आणि उन्हाची सुरुवात असं पाहायचं, स्थिर असेल तर दुरुस्ती करायची, हलत असेल तर उतरवायची. हे तूच कबूल केलंस आणि गावानेही मान्य केलं. तो सौदा मला तेव्हाही आवडला होता. सरळ होता.

भेगेवर काचेची पट्टी बसवायची, भिंत हलली की काच तुटते, हे मी तुम्हाला वर्गात शिकवलं होतं. प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या नांदेडहून मागवल्या होत्या, त्या वाटेतच वारंगा फाट्यावर एसटीच्या टपावरून पडून चुरा झाल्या. तू थांबली नाहीस. औंढ्याच्या बाजारातून, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कासाराकडून हिरव्या बांगड्या आणल्यास, कानशीने कापून त्यांचे बोटभर तुकडे केलेस आणि प्लास्टरच्या गोळ्यांत दोन्ही टोकं रोवून प्रत्येक भेगेवर एकेक बसवलास. खिचडी शिजवणाऱ्या नर्मदाबाई चूल सोडून धावत आल्या होत्या. "अगं बाई, नवी नवरी तू, आन् हातानं बांगड्या…" एवढंच म्हणाल्या, पुढचा शब्द त्यांनी तोंडातच ठेवला. तुला हसू आवरेना. मग तूच त्यांना काम सोपवलंस. मावशी, मला सासरहून येणं जमायचं नाही, तुमचं येणं-जाणं इथूनच आहे, रोज एक नजर टाकायची आणि सोमवारी मला मोबाइलवर सांगायचं, काच फुटली की नाही. त्यांनी पदराला हात पुसून, देवाचं काम मिळावं तसं ते घेतलं. मी डायरीत लिहिलं, 'माहेनूरची युक्ती उत्तम. गावचं माणूस कामात आलं हे त्याहून उत्तम.' आजही ते मला खोटं वाटत नाही.

नर्मदाबाईंनी एकही सोमवार चुकवला नाही. त्यांनी बोलून पाठवलेले ते निरोप तू मलाही पाठवत होतीस, मी ते ऐकत होते. मागे भांड्यांचा आवाज, लेकरांचा गलका आणि मध्येच त्यांचं खणखणीत बोलणं. "बाई, समदं बराबर हाय. काळजी करू नको. येक वाढली, म्या नवी बसवली." पुढच्या वेळी, "दोन वाढल्या गं बाई, लगेच बसवल्या, भिताड उघडं ठिवलं न्हाई." तू विचारायचीस, "मावशी, फुटली तर न्हाई ना एखादी?" त्यावर त्या जवळजवळ रागावायच्या. "न्हाई गं माय! फुटंल काहून? चांगलं बोलावं." आणि तू आनंदाने, "शाब्बास मावशी!" तुझ्या अहवालात ते वाक्य आहे: 'स्थानिक सहभागातून निरीक्षणाच्या जागा वाढवण्यात आल्या. तीनही ऋतूंत एकही काच फुटलेली नाही.' त्या वाक्याखाली मी स्वतः पेन्सिलीने रेघ ओढून 'छान' असं लिहिलं आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस सही करण्याआधी एकदा पाहून यावं म्हणून मी गेले. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. न पाहता सही करायची नाही ही सवय आहे, आणि तीही मीच तुला लावली. नर्मदाबाई पुढे झाल्या, घरचं नवं लुगडं दाखवावं तशा एकेक काच दाखवू लागल्या. मी वाढवलेल्या जागा शोधत होते. सापडेनात. भेगा त्याच होत्या, त्यांवरचे तुकडेही तितकेच होते. फक्त पश्चिमेच्या भिंतीवर हिरवं काही उरलं नव्हतं. तिथे लाल होती, चॉकलेटी होती, सोनेरी ठिपक्यांची निळी होती. मी म्हटलं, मावशी, या वाढलेल्या का? त्या म्हणाल्या, "न्हाई, या नव्या. सुनेच्या हाईत, माझ्या हाईत. वाढलेल्या कुठं ठिवतेत का बाई? तळ्यात सोडल्या."

माहेनूर, तेव्हा मला कळलं. आमच्याकडे बांगडी फुटत नाही. कुंकू पुसत नाही, मंगळसूत्र तुटत नाही. वाढतं. ज्याचं मोडणं अशुभ, त्याचं मोडणं तोंडाने म्हणायचं नाही, उलटा शब्द वापरायचा. हातातली एखादी वाढली की मनगट ओकं राहू द्यायचं नाही, दुसरी चढवायची आणि तुकडे पाण्यात सोडायचे. नर्मदाबाईंनी भिंतीला अगदी तसंच वागवलं. त्यांनी तुला दर सोमवारी खरं तेच सांगितलं होतं. काच तुटली, दोन तुटल्या, मी बदलल्या. तुझ्या घरी हा शब्द असा वापरत नसतील, किंवा वापरत असतील तरी तू भेगांचा हिशेब मांडत होतीस, सौभाग्याचा नाही. वाढली म्हणजे जास्त झाली, हेच तू ऐकलंस. पण माझं काय? माझी आई जन्मभर बांगडी वाढवली असंच म्हणत आली. तेच निरोप मीही ऐकले. माझ्याही कानाला तिथे आईचा शब्द ऐकू आला नाही, अभियंत्याचाच आला. चूक कुणाची यावर मी बरेच दिवस घालवले. आता त्यातून काही निघत नाही असं ठरवून तो विचार सोडला आहे, निदान सोडायचा प्रयत्न करते आहे.

नर्मदाबाईंनी माझा चेहरा पाहिला असावा. "काई चुकलं का बाई माझं?" म्हणाल्या. मी नाही म्हटलं. शब्दांनी चुकलं नव्हतं, कामाने चुकलं होतं, त्यामुळे माझं 'नाही' खरं की खोटं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, मावशी, फुटली असं एकदा जरी म्हणाला असतात! त्या कळवळून म्हणाल्या, "लेकराबाळाच्या साळंत तसलं कसं बोलू? तुमी बोलताल का?"

तरीही मी लगेच काही ठरवलं नाही. सुनेच्या बांगडीचा तुकडा कुणाचा धक्का लागूनही मोडू शकतो, हे मनात होतंच. म्हणून नव्या काचपट्ट्या या वेळी मांडीवर घेऊन आले आणि स्वतः बसवल्या. प्लास्टर वाळायची वाट पाहत ओसरीच्या कमानीखाली बसले होते, तेवढ्यात जमिनीतून भूकंपाच्या धक्क्याचा तो गूढ आवाज आला. तू ऐकला आहेस, लांबून मोठा ट्रक यावा तसा, फक्त पायाखालून येणारा. मंडपात लेकरांचे पाढे चालू होते, ते थांबले नाहीत. नर्मदाबाईंनी पातेल्यावरचं झाकण हाताने धरलं, आवाज गेल्यावर सोडलं आणि म्हणाल्या, "त्याचं रोजचंच हाय." मी भिंतीकडे पाहत होते. डोळ्यांना काही दिसलं नाही. मार्च संपताना पुन्हा गेले. पश्चिमेच्या भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या मधोमध फुटल्या होत्या. उरलेल्या तीन भिंतींवरच्या शाबूत होत्या. गावाने सिमेंटचा रस्ता शाळेच्या जोत्यापेक्षा उंच केला आहे, त्याचं पाणी त्या बाजूने भिंतीच्या पायात शिरतं, खालची काळी माती फुगते आणि आटते, आणि भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दगडी थरांमधली भर पीठ होऊन खाली बसली आहे. एका जागी मी हात घातला, कोपरापर्यंत गेला. ओसरीचं छत त्याच भिंतीवर आहे. मुख्याध्यापकांना सांगून इमारतीला कुलूप घातलं. आता तिथे कुणी जात नाही, त्याची काळजी नको.

यानंतर मी गप्प राहिले, आणि का राहिले तेही तुला कळायला हवं. चुन्याचं पातळ मिश्रण भरलं, लोखंडी पट्ट्या बांधल्या, तर ती भिंत आणखी काही वर्षं काढेलही. अशा कितीतरी भिंती कुणी न पाहता उभ्या आहेत. मी सही केली तर काम सुरू होईल. काम सुरू झालं तर नव्या तुकडीला शिकायला प्रत्यक्ष जागा मिळेल, आणि जागा असेल तरच अभ्यासक्रम पुढे चालवू असं संस्थेने कळवलं आहे. काम सुरू झालं तर तू राहशील. यातली सगळ्यात जड गोष्ट शेवटची होती हे मी कबूल करते. मी रोज स्वतःला सांगायचे की आणखी एकदा पाहू, शास्त्राने घाई करू नये. शास्त्राचं नाव घेऊन मी तुझं पुण्याला जाणं लांबवत होते. उतरवणं म्हणजे काय होईल तेही मला दिसतं. दगड हाताने काढून, खुणा करून, रचून ठेवा असं मी लिहीन, आणि जेसीबी दोन दिवसांत मोकळं मैदान करेल. रामकिशनना स्लॅब मिळेल. लेकरं मंडपातून निघतील, हे मात्र चांगलंच होईल. त्याचा मला आनंद व्हायला हवा, आणि थोडा होतोही.

म्हणून हे पत्र. तो अहवाल तू स्वतः मागे घे, माहेनूर. मी त्यावर सही करणार नाही. नुसती नकाराची टीप लिहून पाठवली तर तुझा अहवाल तुझ्या ताईने खोडला एवढंच सगळे म्हणतील, आणि ते मला नको आहे. ज्या मुलीने गावापुढे उभं राहून मुदत मागितली, तिनेच मुदत संपल्यावर उत्तर द्यावं. मी अजून कुणाला काही बोललेले नाही. पुढच्या गुरुवारी खात्याची बैठक आहे, त्याआधी तुझं पत्र गेलं तर माझं त्याच्या मागून जाईल आणि त्यात मी तुझ्याशी सहमत आहे इतकंच असेल. पट्ट्यांचे फोटो सोबत ठेवले आहेत. पुण्याचं तू आणि मुबश्शीरने ठरवा. राहा असं मी म्हणणार नाही, आणि तू गेलीस तर मी तुला शिकवलेलं वाया गेलं असंही कधी म्हणणार नाही. अम्मींना काय सांगायचं ते तू सांग, माझ्या तोंडून ते निघत नाही. फक्त एक कर. पत्र लिहिताना 'हालचाल आढळली', 'स्थिती बदलली' असले आडवळणाचे शब्द वापरू नकोस. काच फुटली, असंच लिही. ते कळलं की नर्मदाबाईंना वाईट वाटेल. त्यांच्याकडे मी जाईन.

तुझीच,
साधनाताई